पोर्शे ९४४ टर्बो विकत घेताना किती पैसे मोजावेत

१९८६ ते १९८९ या मॉडेलवर्षांतल्या दोन पोर्शे ९४४ टर्बो शेजारी शेजारी उभ्या केल्या, दोन्हींचा रंग तजेलदार असला आणि दोन्हींचे सीट नीटनेटके दिसत असले, तरी एकीसाठी पंधरा हजार डॉलर आणि दुसरीसाठी बत्तीस हजार डॉलर मागितले जाऊ शकतात, आणि या दोन्ही किमती रास्त असू शकतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो बॉनेटखाली, गाडीच्या पोटाखाली आणि मालकाजवळच्या बिलांच्या फायलीत असतो. म्हणून या गाडीची किंमत तिच्या वर्षावरून, रंगावरून किंवा मीटरवरच्या आकड्यावरून ठरवू नये. सगळे काम झालेली अशीच गाडी आज प्रत्यक्षात कितीला विकली जाते, हे आधी पाहावे आणि आपल्यासमोरच्या गाडीत राहिलेल्या कामाचा खर्च त्यातून वजा करावा. या लेखात हीच वजाबाकी कशी करायची ते सांगितले आहे.

हा विचार मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि अतिजुन्या विंटेज गाड्यांसाठी असलेली सवलत ऐंशीच्या दशकातल्या या गाडीला लागू होत नाही. पुढेमागे पुण्याला परतताना गाडी बरोबर नेऊ, असा हिशेब मनात असेल तर तो आताच बाजूला ठेवावा.

ही गाडी स्वस्त का झाली, आणि त्याचे काय परिणाम झाले

९४४ टर्बोला कंपनीच्या अंतर्गत क्रमांकानुसार ९५१ म्हणतात. तिचे चार सिलिंडरचे, २४७९ सीसीचे इंजिन पुढे आहे आणि गिअरबॉक्स मागच्या आसाजवळ आहे, त्यामुळे वजन दोन्ही आसांवर जवळपास समान वाटले जाते आणि वळणावर गाडी जो भरवसा देते तो त्या काळातल्या फार थोड्या गाड्या देत असत. केकेके कंपनीच्या के२६ टर्बोचार्जरमुळे इंजिनाची ताकद २२० अश्वशक्तीपर्यंत गेली, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असो वा नसो, ती तेवढीच राहिली, ही पोर्शेसाठी त्या वेळी नवी गोष्ट होती. अमेरिकेत १९८६ साली तिची मूळ किंमत सुमारे २९,५०० डॉलर होती, म्हणजे त्या काळाच्या मानाने ती चांगलीच महाग होती.

पुढे मात्र तिची किंमत घसरत गेली आणि दीर्घकाळ ती दहा हजार डॉलरच्या आतबाहेर मिळत राहिली. आजच्या बाजाराचे कोडे समजून घ्यायचे असेल तर हा काळ लक्षात घेणे फार आवश्यक आहे. गाडी विकत घेण्याची किंमत उतरली, पण तिचे सुटे भाग आणि मजुरी पोर्शेच्याच दराने राहिली. साहजिकच अनेक गाड्या अशा मालकांच्या हाती गेल्या ज्यांना गाडी घेणे परवडले, पण सांभाळणे परवडले नाही. टायमिंग बेल्ट पुढच्या वर्षावर ढकलला गेला, गळणाऱ्या सीलखाली पुठ्ठा ठेवला गेला, आणि ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात स्वस्त चिप मात्र आवर्जून बसवली गेली. त्याच वर्षांत काही मालकांनी दर ठरावीक अंतराला सगळे काम वेळेवर करून घेतले आणि प्रत्येक बिल जपून ठेवले. आज या दोन प्रकारच्या गाड्या एकाच नावाने विकायला येतात, आणि भाव ठरवताना आपल्याला त्यांतला फरक ओळखायचा आहे.

आपल्यासमोर नेमकी कोणती गाडी आहे

अमेरिकी गाडीच्या चॅसिस क्रमांकातले दहावे अक्षर मॉडेलवर्ष सांगते: जी म्हणजे १९८६, एच म्हणजे १९८७, जे म्हणजे १९८८ आणि के म्हणजे १९८९. १९८७ पासून एबीएस पर्याय म्हणून मिळू लागले, आणि त्याच वेळी चाकांचा ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून ते बसवण्याच्या पृष्ठभागाचे अंतर, बदलल्यामुळे १९८६ च्या गाडीची चाके नंतरच्या गाडीला बसत नाहीत. जुन्या मालकाने चाके बदलली असतील तर ती योग्य ऑफसेटची आहेत का, हे विचारावे.

१९८८ मध्ये टर्बो एस ही मर्यादित आवृत्ती आली. मोठा टर्बो, २५० अश्वशक्ती, ९२८ एस४ मॉडेलचे मोठे ब्रेक, कोनीचे जुळवता येणारे सस्पेन्शन आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) हे सगळे तिच्यात एकत्र मिळते. सिल्व्हर रोझ हा तिचा गुलाबी झाक असलेला रुपेरी रंग आणि आतले बरगंडी चौकटीचे कापड यांमुळे ती लगेच ओळखू येते, पण सगळ्या टर्बो एस त्याच रंगाच्या नाहीत. १९८९ मध्ये बहुतांशी हीच यांत्रिक जडणघडण साध्या टर्बो या नावाने सर्व गाड्यांना मिळू लागली, कोनीचे सस्पेन्शन मात्र पर्याय म्हणून होते. म्हणून ज्यांना गाडी संग्रहासाठी नको आहे, चालवण्यासाठी हवी आहे, त्यांनी १९८९ ची गाडी शोधावी असे माझे स्पष्ट मत आहे. एस या अक्षरासाठी द्यावा लागणारा जास्तीचा पैसा वाचतो, आणि रस्त्यावरचा अनुभव जवळपास तोच मिळतो.

एखादी गाडी टर्बो एस म्हणून विकली जात असेल तर तिच्या मागच्या भागात आणि सर्व्हिस बुकात चिकटवलेली पर्यायांच्या क्रमांकांची पट्टी पाहावी. तिच्यावर एम७५८ हा क्रमांक असला पाहिजे. पट्टी नाही, सर्व्हिस बुक हरवले आहे, पण ‘बाकी सगळे भाग एसचेच आहेत’ असे विक्रेता म्हणत असेल, तर ती गाडी साध्या १९८८ च्या टर्बोच्या भावाने धरावी.

पाया ठरवणे

जाहिरातीतली मागणी म्हणजे विक्रेत्याची इच्छा असते, आणि बाजारभाव म्हणजे सौदा झालेली रक्कम असते. त्यामुळे फक्त पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावांतल्या अंतिम बोली कोणालाही पाहता येतात, आणि जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या दरसूचीत गाडीच्या स्थितीनुसार चार श्रेणींत किमती दिलेल्या असतात. गेल्या वर्षभरातले, आपल्याला हव्या त्याच मॉडेलवर्षाचे सात-आठ लिलाव काढावेत, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त गाडी बाजूला ठेवावी, आणि उरलेल्यांपैकी ज्या गाड्यांचे बेल्ट, क्लच, टर्बो आणि सस्पेन्शन यांचे काम बिलांसह दाखवले आहे त्यांची सरासरी धरावी. हा आपला पाया.

ढोबळमानाने सांगायचे तर अमेरिकेत चालती, पण बरेच काम बाकी असलेली टर्बो पंधरा हजार डॉलरच्या आसपास दिसते, नीट राखलेली, कागदपत्रांसह असलेली गाडी पंचवीस हजारांच्या आगेमागे जाते, आणि कमी चाललेली, मूळ रंगातली टर्बो एस चाळीस हजारांच्या वर सहज पोचते. हे आकडे दिशा कळण्यापुरतेच घ्यावेत. खरेदीच्या दिवशी ताजे लिलाव पाहूनच पाया ठरवावा, कारण या गाड्यांचे भाव काही महिन्यांतही हलतात.

काय वजा करायचे

सर्वांत आधी बेल्ट पाहावेत. या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा) आणि बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा, बेल्ट असे दोन पट्टे आहेत. टायमिंग बेल्ट तुटला किंवा त्याचे दात घसरले, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. तीस हजार मैल किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा दोन्ही पट्टे, त्यांचे रोलर आणि पुढची सील बदलावीत, आणि पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असल्याने त्याचाही निर्णय त्याच वेळी घ्यावा. नवा पट्टा बसवल्यानंतर सुमारे दोन हजार मैलांनी त्याचा ताण पुन्हा तपासून घ्यावा लागतो. ज्या बिलात तारीख, मैल आणि भागांचे क्रमांक नाहीत ते बिल मानू नये. ‘मागच्या मालकाने बदलले होते’ हे वाक्य ऐकले तर बेल्ट बदललेले नाहीत असेच धरून पूर्ण खर्च वजा करावा.

क्लच हा या गाडीतला सर्वांत महागडा नेहमीचा खर्च आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. गिअरबॉक्स मागे आणि इंजिन पुढे असल्यामुळे त्या दोघांना जोडणारी टॉर्क ट्यूब मध्ये असते. क्लच प्लेटपर्यंत पोचण्यासाठी एक्झॉस्ट काढावा लागतो, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि टॉर्क ट्यूब मागे सरकवावी लागते. सुटा भाग महाग आहेच, मजुरी त्याहून जड पडते. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावे. इंजिनाचा आवाज वर गेला पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतो आहे. तो अर्धा वापरलेला असल्याचे बिलावरून कळत असेल तर अर्धाच खर्च वजा करावा, कारण चांगल्या गाडीतला क्लचही कुठेतरी मधल्या अवस्थेतच असतो.

तेल आणि पाणी यांची सरमिसळ झाली आहे का, हे पाहण्यासाठी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीचे झाकण उघडावे. आत दुधट, तपकिरी चिकटा दिसला तर बहुधा ऑइल कूलरची सील फुटलेली असतात, आणि तेवढेच असेल तर खर्च आवाक्यात राहतो. पण तेच लक्षण हेड गॅस्केट गेल्याचेही असू शकते, त्यामुळे लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते पाहणे) केल्याशिवाय कमी खर्चाचा अंदाज बांधू नये. या इंजिनाची दुसरी ज्ञात कमजोरी म्हणजे तेल कमी पडल्यावर दुसऱ्या सिलिंडरचे कनेक्टिंग रॉड बेअरिंग आधी जाते. ज्या गाड्या ट्रॅकवर पळवल्या गेल्या त्यांच्याबाबत हा धोका जास्त असतो. इंजिन पूर्ण तापल्यावर मंद गतीवर तेलाचा दाब दोन बारच्या खाली बसत असेल, किंवा इंजिन फिरवल्यावर चार बारकडे जात नसेल, तर ती गाडी घेऊच नये, असे मला वाटते. इंजिनाची पूर्ण बांधणी नव्याने करण्याचा खर्च कितीही घासाघीस केली तरी भरून निघत नाही.

टर्बोची परीक्षा चालवतानाच होते. या गाडीतला बूस्ट मीटर, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब दाखवणारा मीटर, बाहेरच्या हवेचा दाबही धरून आकडा दाखवतो, म्हणून किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता तो साधारण १ बार दाखवतो. तिसऱ्या गिअरमध्ये, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर मूळ स्थितीतल्या २२० अश्वशक्तीच्या गाडीत तो १.७ बारच्या जवळ गेला पाहिजे. १.४ पाशी अडखळत असेल तर रबरी नळ्या फुटलेल्या असतात, जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारे वेस्टगेट झिजलेले असते किंवा बूस्ट सांभाळणारा सायकलिंग व्हॉल्व्ह बिघडलेला असतो. २ च्या वर जात असेल तर कोणीतरी चिप बसवली आहे, आणि मग प्रश्न असा येतो की वाढलेल्या दाबाला पुरेसे इंधन मिळते का आणि हे काम कोणी केले. गाडी दोन-तीन मिनिटे मंद गतीवर उभी ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळसर धूर निघाला, तर टर्बोची सील गेलेली असण्याचा संभव मोठा आहे. तापलेले इंजिन बंद केल्यानंतर पुढच्या बाजूला एका लहान विजेच्या पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे, कारण तो टर्बोला पाणी पुरवत राहून थंड करतो. तो पंप गप्प असेल तर टर्बोचे आयुष्य किती वर्षांपासून कमी होत आले आहे, याचा विचार करावा.

इंजिनाजवळच्या इंधनाच्या रबरी नळ्या मूळच्याच असतील तर त्यांचा खर्च लहान असला तरी तो टाळण्याजोगा नाही. त्यांना तडा गेला की तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल पडून गाडी पेटू शकते. पुढच्या बाजूचे ॲल्युमिनियमचे कंट्रोल आर्म त्यांच्या बॉल जॉइंटसह पाहावेत, कारण कंपनीच्या पद्धतीनुसार जॉइंट झिजला की अख्खा आर्म बदलावा लागतो. शॉक ॲब्सॉर्बर, स्टीअरिंग रॅकमधून गळणारे तेल आणि टायरच्या कडेवर छापलेला उत्पादनाचा आठवडा हेही नोंदवून घ्यावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर या वेगाच्या गाडीला चालत नाहीत.

पत्रा गॅल्व्हनाइज्ड असल्याने ही गाडी त्या काळातल्या अनेक गाड्यांपेक्षा गंजाला चांगले तोंड देते, पण दाराखालचे सिल, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या चाकांभोवतीचा भाग हाताने चाचपून पाहावा. मागच्या मोठ्या काचेची चौकट सुटलेली असेल तर पाणी आत येते. डॅशबोर्डला तडे जवळजवळ सगळ्याच गाड्यांत असतात, त्यामुळे त्यासाठी फार वजावट मागू नये. आतले मूळ कापड मात्र फाटलेले असेल, विशेषतः सिल्व्हर रोझ गाडीचे, तर ते मिळवणे अतिशय अवघड आहे, आणि ती वजावट मोठी असावी.

मीटरवरच्या आकड्याला किती किंमत द्यावी

फारशी देऊ नये. या गाडीच्या ओडोमीटरमधले प्लास्टिकचे चाक ठिसूळ होऊन तुटते आणि स्पीडोमीटर चालू असतानाही आकडा थांबतो, म्हणून साठ हजार मैल दाखवणारी गाडी एक लाख साठ हजार मैल चाललेली असू शकते. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांक टाकून एमओटी, म्हणजे वार्षिक सुरक्षा चाचण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतो, आणि तिथे दर वर्षीचे मैल दिसतात. अमेरिकेत हेच काम बिलांवरचे आकडे कालक्रमाने मांडून करावे लागते. सलग वाढत जाणाऱ्या आकड्यांची पंधरा-वीस बिले असतील तर दीड लाख मैलांची गाडीही निर्धास्तपणे घ्यावी. बिलांशिवाय कमी मैल असलेल्या गाडीला कमी मैलांचा भाव देऊ नये.

एक हिशेब

समजा १९८७ च्या सगळे काम झालेल्या गाडीचा पाया २६,००० डॉलर निघाला आणि विक्रेता १९,५०० डॉलर मागतो आहे. तपासणीत बेल्ट, पाण्याचा पंप आणि सील यांचे २,२००, क्लचचे ३,५००, इंधनाच्या नळ्यांचे ६००, टर्बो आणि त्याच्या नळ्यांचे १,८००, पुढचे आर्म आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचे २,४०० आणि टायरचे ९०० डॉलर निघाले. एकूण ११,४०० झाले. पायातून ते वजा केले तर १४,६०० उरतात. ही आपली कमाल मर्यादा. उघडल्यावर आणखी काही निघतेच, म्हणून दुरुस्तीच्या रकमेचे पंधरा टक्के, म्हणजे सुमारे १,७०० डॉलर आणखी बाजूला काढले, तर पहिला देकार १३,००० च्या जवळ येतो.

विक्रेत्याला हा देकार अपमानास्पद वाटू शकतो, म्हणून तो तोंडी सांगू नये. तपासणीचा अहवाल आणि गॅरेजचे लेखी अंदाजपत्रक त्याच्यापुढे ठेवावे आणि प्रत्येक ओळीवर शांतपणे बोलावे. त्याने एखादे काम आधीच झाल्याचे बिल दाखवले तर तेवढी रक्कम लगेच देकारात परत जोडावी, कारण हिशेब दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असला पाहिजे. तरीही तो १९,५०० वरच अडून बसला, तर २६,००० ची तयार गाडी शोधणे हेच स्वस्त ठरते: १९,५०० अधिक ११,४०० म्हणजे ३०,९०० होतात, आणि शिवाय गाडी कित्येक महिने गॅरेजमध्ये उभी राहते.

स्वतः काम करणाऱ्यांना मजुरी वाचते, हे खरे आहे. पण देकार ठरवताना मजुरी धरावीच, कारण बाजारातला दुसरा खरेदीदार ती धरणार आहे आणि आपल्या रविवारांचेही मोल आहे.

तपासणी, कागद आणि पैसे

तपासणी अशा गॅरेजमध्ये करून घ्यावी जिथे या काळातल्या पोर्शे गाड्यांचे काम नेहमी होते, आणि ते गॅरेज विक्रेत्याचे नेहमीचे नसावे. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी, लिफ्टवर खालून पाहणी आणि किमान अर्ध्या तासाचा फेरफटका एवढे मागावेच. यासाठी दिलेले काहीशे डॉलर वाया जातील या भीतीने तपासणी टाळणे अतिशय महागात पडते.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची, चाचणी लागते, त्यामुळे चिप बसवलेली किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी बे एरियातल्या खरेदीदाराने मूळ स्थितीत आणण्याच्या खर्चासह मोजावी. ताजे स्मॉग प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना वाहनकरातून सूट मिळते, आणि पहिल्या ९४४ टर्बो आता त्या वयात पोचत आहेत. पण त्यासाठी विक्रेत्याने भाव वाढवला तर ती वर्षाची बचत किती आहे ते मोजून पाहावे.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विक्रेत्याचेच नाव आहे का, त्यावर सॅल्व्हेज (विमा कंपनीने मोडीत काढलेली) किंवा रीबिल्ट (मोडीतून पुन्हा उभी केलेली) असा शेरा आहे का, आणि टायटलवरचा चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळतो का, हे पैसे देण्याच्या दिवशी पुन्हा पाहावे. रीबिल्ट शेरा असलेली गाडी पायाच्या निम्म्याच्या वर घेऊ नये. रक्कम बँकेच्या शाखेत, टायटल हस्तांतरित होत असतानाच द्यावी. विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पद्धतीचा, म्हणजे नुकसानभरपाईची रक्कम आधीच ठरवलेला, घ्यावा आणि त्यासाठी बिलांच्या प्रती, गाडीची छायाचित्रे व तपासणीचा अहवाल विमा कंपनीला आधीच पाठवावा, कारण साध्या पॉलिसीत चाळीस वर्षांच्या गाडीला घसारा लावून फार कमी रक्कम मिळते. बेल्टचे बिल खात्रीचे नसेल तर गाडी घरी चालवत नेऊ नये. ती ट्रकवर चढवून थेट गॅरेजमध्ये न्यावी, आणि त्या वाहतुकीचे भाडेही देकार देण्याआधी वजावटीच्या यादीत लिहावे.